बाटली आडवी करण्याआधी

मॅडम, नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहते, बचत गटाची अध्यक्ष आहे. गावात देशी दारूचं परवान्याचं एक दुकान आहे आणि दोन ठिकाणी चोरून मिळते. मागच्या पावसाळ्यात गावातल्या एका तरुण मुलानं जीव दिला. तो प्यायचा. तेव्हापासून बायका पेटून उठल्यात. ‘बाटली आडवी करायचीच’, म्हणजे बायकांच्या मतदानानं दुकान बंद पाडायचंच, असं म्हणतात आणि सह्यांची मोहीम मी पुढं होऊन चालवावी असा सगळ्यांचा आग्रह आहे. पण माझाच धाकटा दीर पितो. सकाळी हात थरथरतात, थोडी पोटात गेल्याशिवाय कप धरता येत नाही. जाऊबाईनं जाहिरात बघून ‘न सांगता दारू सोडवा’ अशी पावडर मागवलीय, ती चहातून देते. दुकानवाल्याची माणसं म्हणतात, आधी आपलं घर सांभाळा, मग गाव सुधारा. तरुण मंडळाची पोरं म्हणतात, व्याख्यान ठेवू, सगळ्यांना शपथ देऊ. शाळेतली मुलं तंबाखूचा मावा खातात ते वेगळंच. उद्या दुकान बंद झालं तर माझ्या दिराचं काय होईल, ही भीती मी कुणाजवळ बोललेली नाही. कुठनं सुरुवात करू?
– एक वाचक (नाव छापू नये)

ताई,

सगळ्यात आधी ती पावडर बंद करायला सांगा. आजच. बाकीचं पत्र नंतर वाचलंत तरी चालेल.

अशा पुड्यांमध्ये नेमकं काय आहे हे बहुतेक वेळा वेष्टनावर धड लिहिलेलं नसतं. दारू सोडवण्यासाठी डॉक्टर जी डायसल्फिरम नावाची गोळी देतात, ती किंवा तशाच गुणाचं काही त्यात असेल, तर त्यावर दारू पोटात गेली की तोंड लालबुंद होतं, उलट्या होतात, छातीत धडधडतं, रक्तदाब एकदम खाली येतो. यकृत किंवा हृदय आधीच थकलेलं असेल तर माणूस दगावू शकतो. म्हणून डॉक्टर ही गोळी माणसाला सांगून, त्याच्या संमतीनं, तपासण्या करून देतात. पावडर बंद केल्यावरही तिचा अंमल दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. तेव्हा पाकीट फेकून देऊ नका, डॉक्टरांकडे जाताना बरोबर न्या. आणि जाऊबाईंना रागावू नका. हातात दुसरं काहीच नसलेली बाई असाच उपाय करते. तिला एवढंच समजावा की उद्या हे दिराला कळलं, तर घरातल्या चहावरचाही त्याचा विश्वास जाईल, आणि पुढं जे करायचंय ते या विश्वासाशिवाय होणार नाही.

आता दुसरी गोष्ट. सकाळी हात थरथरतात, प्यायल्यावरच थांबतात, असं तुम्ही लिहिलंय. याचा अर्थ त्यांच्या शरीराला दारूची सवय लागलेली आहे, आता तो नुसता मनाचा प्रश्न राहिलेला नाही. अशा माणसाची दारू एकदम तोडायची नसते. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, कुणी बोलावतंय असं वाटतं, रात्र की दिवस ते कळेनासं होतं. तुमच्याकडच्या कितीतरी घरांत याच दिवसांत ‘बाहेरचं झालंय’ म्हणून देवऋषी बोलावतात आणि उपचाराचे मोलाचे तास निघून जातात. ही अवस्था जिवावर बेतणारी असते आणि वेळेवर औषध मिळालं तर बहुतेकदा टळते. म्हणून ‘खोलीत कोंडून ठेवा, चार दिवसांत सुटेल’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात न्या आणि पहिल्याच वाक्यात सांगा, की हे रोज पितात, इतकी पितात, शेवटची अमुक वाजता घेतली. आकडा लपवू नका. तो कळला की डॉक्टर बी-1 जीवनसत्त्व आधी देतात. रोज पिणाऱ्याला ते न देता नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावलं तर मेंदूला इजा होऊ शकते, आणि गावोगाव ‘अशक्तपणा आलाय’ म्हणून तेच लावलं जातं.

तुमच्या भीतीकडे येते. दुकान बंद झालं तर दिराचं काय, ही भीती तुम्हाला लाजिरवाणी वाटतेय, असं पत्रावरून जाणवलं. मला ती तुमच्या मोहिमेतली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. कारण गावात असा एकच दीर नाही. दुकानाला कुलूप लागेल त्या रात्री असे जेवढे पुरुष गावात असतील, तेवढ्यांच्या अंगात ही थरथर एकाच वेळी सुरू होणार आहे. त्यांतले काही जण फिट येऊन पडतील, बरेच जण चोरून विकणाऱ्या त्या दोन ठिकाणी जातील, आणि तिथं काय मिळेल याचा भरवसा नाही. मुंबईत मालवणीला 2015 च्या जूनमध्ये विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली. ती बहुतेक कष्टकरी होती, स्वस्तातली मिळेल ती पिणारी.

म्हणून माझं म्हणणं असं, की दुकान बंद करणं आणि पिणाऱ्याला उभं करणं ही दोन वेगळी कामं आहेत. तुमच्या बायकांनी पहिलं काम हाती घेतलंय. दुसरं आधी सुरू करा, निदान दोन-तीन महिने आधी.

हे हवेतलं बोलणं नाही. गडचिरोलीत बायकांनी आणि आदिवासींच्या गावांनी वर्षानुवर्षं लढा दिला आणि 1993 पासून जिल्ह्यात दारूबंदी झाली. महाराष्ट्रातली ती एक मोठी लोकचळवळ होती. तरीही 2016 मध्ये त्याच जिल्ह्यात ‘मुक्तिपथ’ हा कार्यक्रम सुरू करावा लागला. डॉ. अभय आणि राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था, सरकार आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून तो उभा केला. त्यात बंदीची अंमलबजावणी आहे, गावोगावच्या संघटना आहेत आणि जोडीला तालुक्याच्या ठिकाणी व्यसन उपचाराचे दवाखाने आणि गावात भरणारी उपचार शिबिरं आहेत. बंदीनंतर तेवीस वर्षांनी उपचाराची ही जोड लागली. शेजारच्या चंद्रपुरात 2015 मध्ये बंदी आली आणि 2021 मध्ये उठली. अवैध विक्री आणि त्यातून वाढलेली गुन्हेगारी हे कारण सरकारनं दिलं. यावरून ‘बंदीचा काही उपयोग नसतो’ असं म्हणणारे तुम्हाला भेटतील. मला ते पटत नाही. घराच्या वाटेवर दुकान नसणं याचा उपयोग असतोच, विशेषतः ज्याचं पिणं अजून सवयीत गेलेलं नाही त्याला आणि सोडून नुकत्याच घरी आलेल्याला. पण एकट्या बंदीच्या जिवावर गाव सोडू नये, एवढं गडचिरोलीनं शिकवलंय.

आता आडवी बाटली. रीत तुम्हाला माहीत असेल, तरी ज्या ठिकाणी बायका हरतात ती जागा दाखवते. 2008 च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली की सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान घेतात. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चिन्हं असतात. दुकान बंद व्हायला गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीला मत द्यावं लागतं. ‘एकूण’ हा शब्द लक्षात ठेवा. मतदानाला आलेल्यांतल्या निम्म्या पुरत नाहीत. तुमच्या भागातल्या कितीतरी बायका नवऱ्याबरोबर मुंबईला, पुण्याला असतात आणि नावं गावच्या यादीत असतात. लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं तशीच असतात, वारलेल्या म्हाताऱ्यांचीही असतात. न आलेली प्रत्येक बाई हिशेबात दुकानाच्या बाजूला जाते. म्हणून सह्या गोळा करण्याआधी मतदार यादी घेऊन बसा, जी नावं कमी व्हायला हवीत त्यांचे अर्ज रीतसर भरायला लावा आणि बाहेरगावच्या बायकांना फोन करायला आत्तापासून माणसं नेमा. मतदानाचा दिवस त्यांना आधी कळला तर त्या येतात. जत्रेला येतात, तशा याही कामाला येतील.

आणि हेही ध्यानात ठेवा, की या मतदानानं फक्त परवान्याचं दुकान बंद होतं. चोरून विकणाऱ्यांसाठी कायदा मुळातच आहे, प्रश्न अंमलाचा आहे. 2016 च्या दुरुस्तीनं गावाला चोरट्या दारूवर लक्ष ठेवणारं ग्रामरक्षक दल नेमता येतं, त्याची मागणी ग्रामसभेतून करा. त्या दोन ठिकाणांची तक्रार एकट्या बाईच्या नावानं जाऊ देऊ नका. पंचवीस-तीस जणींच्या सहीनं एकच अर्ज जाऊ द्या आणि त्याची पोच घ्या.

दोन-तीन महिने आधी काय करायचं ते सांगते. गावातली आशा, उपकेंद्राच्या नर्सताई आणि तिथले समुदाय आरोग्य अधिकारी यांना घेऊन बसा. कोणत्या घरात रोजचं पिणं आहे हे आशाला नेमकं ठाऊक असतं. त्याची यादी करून भिंतीवर लावायची नाही, ग्रामसभेत वाचायची नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची नाही. ती माहिती दोन-तीन जणींच्या डोक्यात राहू दे. मग त्या घरांतल्या बायकांशी एकेकीनं बोलायचं, आणि मतदानाआधी गावात एक तपासणी शिबिर घ्यावं म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाला पत्र द्यायचं. साताऱ्यात ‘परिवर्तन’ ही संस्था व्यसनमुक्तीचं काम करते; डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी तिची सुरुवात केली आणि डॉ. हमीद दाभोलकर ते काम पुढं नेत आहेत. साध्या लोकांना भावनिक प्रथमोपचार शिकवून ‘मानसमित्र’ तयार करण्याचं कामही तिथं झालंय. त्यांना पत्र लिहा, जाऊन भेटा.

‘आम्ही कोण बोलणारे, आम्ही काय डॉक्टर आहोत?’ असं तुमच्या गटातल्या बायका म्हणतील. गोव्यात ‘संगत’ या संस्थेनं हाच प्रश्न घेऊन मोठा अभ्यास केला. डॉक्टर नसलेल्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या, घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी त्यांना बोलायला बसवलं. जास्तीत जास्त चार बैठका. नेहमीच्या उपचारात तीन महिन्यांनी शंभरातल्या साधारण 26 जणांचं पिणं धोक्याच्या रेषेखाली आलं होतं. या बैठका झालेल्यांत 36 जणांचं. 2017 मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पण यातली एक अट विसरू नका. हे पुरुष पक्के आहारी गेलेले नव्हते, तसे लोक त्या अभ्यासात घेतलेच नव्हते. म्हणजे तुमच्या दिरासाठी हे पुरेसं नाही, त्यांना डॉक्टरच हवेत. पण शनिवारी पगार झाला की बसणारे, वरातीत सुरू होऊन आता आठवड्यातून चारदा घेणारे, बायकोशी भांडण वाढलेले, रात्री गाडी चालवताना पडलेले असे जे पंचवीस-तीस-पस्तिशीतले पुरुष आहेत, त्यांच्याशी वेळेत, शांतपणे, कुणी शिकलेल्या माणसानं बोललं तर उपयोग होतो. प्रत्येक गावात यांची संख्या जास्त असते आणि यांच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं, कारण ते अजून गटारात पडलेले नसतात.

अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचं असंच काम झालं, नैराश्यावर. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा तो पट्टा. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन ‘मन उदास राहणं हाही आजार असतो, त्याला उपचार असतात’ हे बोलायला सुरुवात केली. आधी नैराश्य असलेल्या शंभरातले चारच जण मदत घेत होते, दीड वर्षानं सत्तावीस घेऊ लागले. मोठमोठी इस्पितळं उभी न करता हे झालं. दारूच्या बाबतीत तर आपली अवस्था आणखी वाईट आहे. एम्सनं 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशभरच्या पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळालेला दिसला. बाकीचे 37 असेच, तुमच्या दिरासारखे, आपापल्या गावात सकाळी थरथरत उठतायत.

बोलायचं कसं? प्यायलेला असताना नाही. सगळ्यांसमोर नाही. ‘बेवडा’ हा शब्द गटाच्या बैठकीतून बाहेर काढा, मागं बोलतानासुद्धा, कारण त्या बैठकीत त्याची आई किंवा बायको बसलेली असते. ‘सोड’ म्हणण्याआधी विचारा, झोप लागते का, जेवण जातं का, पैशाची ओढाताण किती आहे, कधीपासून वाढली. बरेचदा उत्तरात एखादं कर्ज, एखादं मोडलेलं लग्न, गेलेली नोकरी बाहेर येते. आणि माणूस फार खचलेला वाटला तर सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं याचा आधार वाटतो. ‘हो’ म्हणाला तर एकटं सोडू नका, घरातलं कीटकनाशक, तणनाशक त्याच्या हाताशी राहणार नाही असं बघा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. पिऊन आलेल्या माणसाच्या मनात आलेली लाट पुष्कळदा थोड्या वेळाची असते, त्या वेळात कीटकनाशकाची बाटली शोधावी लागली तर जीव वाचण्याची शक्यता वाढते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो, मोफत असतो आणि मराठीत बोलता येतं. व्यसनासाठी 14446 आहे. हे दोन्ही क्रमांक उपकेंद्रावर, दूध डेअरीत आणि पिठाच्या गिरणीत लावा.

तो जो मुलगा गेला, त्याच्याविषयी मला मनापासून सांगायचंय. त्याचा फोटो मोहिमेच्या फलकावर लावू नका. त्याच्या आईला सभेत उभी करून ‘दारूनं माझं लेकरू खाल्लं’ असं बोलायला लावू नका, ती स्वतःहून तयार झाली तरी सध्या नको. माणूस जीव देतो त्यामागं एकच कारण क्वचित असतं, आणि ती आई रात्रंदिवस तेच शोधत असणार, आपण कुठं कमी पडलो. जाहीर सभेत तिला मिळतील त्या टाळ्या, घरी परत गेल्यावर तिच्या वाट्याला तेच प्रश्न. शिवाय तो कसा गेला याचं वर्णन भाषणांतून पुन्हा पुन्हा ऐकवलं जातं, ते गावातल्या दुसऱ्या खचलेल्या पोराच्या कानावर पडतं, हा खरा धोका आहे. त्या घरी जायचं ते भाजी निवडायला, रेशन आणून द्यायला, तिच्या शेजारी बसायला. तिची झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल तर तिलाही डॉक्टरांची गरज आहे. वर्षश्राद्धाच्या सुमाराला विशेष लक्ष ठेवा.

तरुण मंडळाच्या पोरांचा उत्साह मोडू नका, पण व्याख्यान आणि शपथ यावर गावाचा पैसा आणि वेळ घालवू नका. नुसती माहिती देणं, भीती घालणं, फुप्फुसांची काळी चित्रं दाखवणं, सुटलेल्या व्यसनी माणसाला शाळेत आणून त्याची कहाणी मुलांना ऐकवणं, याचा मुलांवर उपयोग दिसत नाही, असं संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयानं काढलेल्या प्रतिबंधाच्या मानकांतच म्हटलंय. मंडळाच्या हातात याहून मोठी ताकद आहे. मिरवणुकीत, जत्रेच्या कुस्त्यांच्या फडाभोवती, हळदीला आणि वरातीला पोरांच्या हातात पहिला ग्लास कोण देतं? मंडळातलाच थोरला दादा देतो. त्या दादांनी ठरवलं की मंडळाच्या वर्गणीतला एक रुपया ‘बसण्या’वर जाणार नाही आणि अठरा-एकोणीसच्या पोराला कुणी आग्रह करणार नाही, तर ते शंभर शपथांपेक्षा जास्त आहे. संध्याकाळी सात ते नऊ ही वेळ पोरांनी कुठं घालवायची, याचं उत्तर मंडळानं द्यावं. तालीम असेल तर तिचा दिवा आणि माती नीट करा, कबड्डीचं मैदान आखा, अभ्यासिकेला एक खोली मागा. मुलींनाही तिथं जागा हवी.

माव्याचं काम तुमच्या गटाचं. टपरीवाला बहुधा गावातलाच असतो, आधी त्याच्याशी बोला. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूचे पदार्थ विकायला बंदी आहे, अठरा वर्षांखालच्या मुलाला कुठंही विकता येत नाही, आणि बाल न्याय कायद्याच्या कलम 77 खाली मुलाला दारू किंवा तंबाखू दिल्याबद्दल सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हे त्याला धमकी म्हणून नको, माहिती म्हणून सांगा, मुख्याध्यापकांना बरोबर घेऊन. ऐकलं नाही तर पोलीस आहेत. आणि आपल्याच घरात आजी मिश्री लावते, वडील मुलाला ‘जा रे, पुडी घेऊन ये’ म्हणून पाठवतात, यावरही गटात बोला. अवघड विषय आहे, पण बोला.

दिराकडे परत येते, कारण उपचारानंतरचा काळ गावाच्या हातात असतो. पुण्यात डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या पाठबळावर 1986 मध्ये ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथं राहायचा काळ साधारण पस्तीस दिवसांचा असतो, आणि तिथले कितीतरी समुपदेशक, कार्यकर्ते स्वतः एकेकाळचे रुग्ण आहेत. त्यांच्या ‘सहचरी’ गटात बायका एकमेकींना भेटतात. त्या बायकांचाही आजार असतोच, काळजीनं पोखरलेला. जाऊबाईंना असा गट हवाय, साताऱ्यात अल-अ‍ॅनॉनची, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या गटाची बैठक कुठं भरते ते शोधा, आणि दिरांसाठी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या ए.ए. गटाची. पैसे लागत नाहीत, आडनाव सांगावं लागत नाही. आणि दारूत हात उचलला जात असेल तर ‘आजारी आहे’ म्हणून जाऊबाईंनी सोसत राहू नये. आजाराला उपचार, मारहाणीला पोलिसांचा 112 किंवा महिला हेल्पलाइनचा 181.

खासगी केंद्रात ठेवायची वेळ आली तर आधी स्वतः जाऊन बघा. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडची नोंदणी दाखवा म्हणा. डॉक्टर कधी येतात, घरच्यांना भेटू देतात का, रुग्णाला फोन करू देतात का, हे विचारा. रात्री गाडी पाठवून उचलून नेणारं, बांधून ठेवणारं, मारणारं केंद्र असेल तर पाऊल टाकू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळीनं बांधायला बंदी आहे, आणि दारूशी जोडलेले मानसिक आजार त्या कायद्यात येतात.

दीर उपचार घेऊन घरी आल्यावर पहिले सहा महिने नाजूक असतात. बेंदूर, जत्रा, एखादं लग्न आणि ‘एवढ्यानं काय होतंय, एक घोट घे’ म्हणणारा जुना दोस्त. पुन्हा प्यायले तर ‘सगळं वाया गेलं’ म्हणून सोडून देऊ नका. या आजारात असं होतं, पुन्हा डॉक्टरांकडे जायचं. घरातल्यांनी दोन गोष्टी सोडायच्या, त्यांची उधारी भरणं आणि कामावर ‘ताप आलाय’ असं खोटं सांगणं. गावानं दोन गोष्टी द्यायच्या, हाताला काम आणि ओट्यावर बसल्यावर नेहमीसारखं बोलणं.

‘आधी आपलं घर सांभाळा’ म्हणणाऱ्यांचं आता. हे वाक्य ते फक्त बायकांना म्हणतात. गावात असं एकही घर नाही जिथं हा प्रश्न आत, शेजारी किंवा माहेरी नाही. घर साफ असलेल्याच बाईनं बोलायचं ठरलं तर कुणीच बोलणार नाही, आणि त्यांना तेच हवंय. तुम्ही पुढं व्हा. पण एकट्या नको, तिघीचौघींनी मिळून, वेगवेगळ्या वाड्यांवरच्या आणि वेगवेगळ्या जातींच्या, म्हणजे मोहीम एका भावकीची म्हणून बाजूला टाकता येणार नाही. आणि पहिली सही घेण्याआधी घरात दिराजवळ बसा. जाऊबाईंना बरोबर घ्या, तुमच्या मालकांनाही. सांगा, ‘भावजी, आम्ही दुकान बंद करायला निघालोय. तुमचं नाव मी कुठं घेणार नाही. पण त्याआधी तुमच्याबरोबर दवाखान्यात यायला मी तयार आहे, तुम्ही म्हणाल त्या दिवशी.’ पहिल्यांदा चिडतील. दोन-चार दिवस बोलणार नाहीत. आठवड्यानं पुन्हा विचारा, तेवढ्याच शब्दांत. दरम्यान दवाखान्यातल्या मनोविकार विभागाचा वार आणि वेळ विचारून ठेवा, गाडीचं भाडं वेगळं काढून ठेवा, म्हणजे ज्या सकाळी ‘चला’ म्हणतील त्या सकाळी निघता येईल.